सोसायटीच्या ग्रुपवर "हा चोर आहे" असं लिहिलं, आता वकिलाची नोटीस आली आहे

जुईचा वेल

नमस्कार मंडळी. एरवी इथे नुसती वाचायला येते. आज लिहिते आहे, कारण घरात कुणालाच धड काही सुचत नाही, आणि बाहेर चार माणसांना विचारावं तर त्यातली तिघं त्याच ग्रुपवर आहेत.

आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. सात मजली इमारत, दोन विंग. गेल्या महिन्यात एका गुरुवारी सकाळी मी दाराबाहेर चपलांच्या रॅकवर एक कापडी पिशवी ठेवली. आत चार साड्या, फॉल-पिकोला द्यायच्या. त्यातली एक आईची पैठणी. फॉलवाल्या ताई दहा वाजता येऊन नेणार होत्या. मी शाळेत गेले (एका शाळेत ग्रंथपाल आहे). संध्याकाळी त्यांचा फोन, की पिशवी नव्हतीच.

सेक्रेटरींकडून मजल्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागून घेतलं. ९ वाजून ५२ मिनिटांनी एक मुलगा पिशवीपाशी येतो, इकडेतिकडे बघतो, पिशवी उचलतो आणि जिन्याने खाली जातो. चेहरा स्वच्छ दिसतो. त्याचं ते इकडेतिकडे बघणं पाहून माझं डोकं फिरलं. आई मार्चमध्ये गेली, आणि तिची म्हणून तेवढी एकच साडी माझ्याकडे आहे. मी बावीस सेकंदांचा तुकडा कापून विंगच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "हा चोर आहे. भरदिवसा दारातून सामान नेतो. कुणी ओळखत असेल तर सांगा, आणि आपापल्या ग्रुपवर पाठवा म्हणजे सगळे सावध होतील."

"आपापल्या ग्रुपवर पाठवा" हे मीच लिहिलं होतं. ते लपवून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

रात्रीपर्यंत तो तुकडा आजूबाजूच्या तीन संकुलांत पोचला. दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या माझ्या भावाने तोच मला पाठवला, "तुमच्याकडचं ना हे?" म्हणून. शनिवारी एका स्थानिक फेसबुक पानावर लाल अक्षरांत "साडीचोर" असं लिहून कुणीतरी चढवला.

तो मुलगा आमच्या गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीची टपरी आहे, त्यांचा. वडिलांना मी चांगली ओळखते, मुलाला कधी पाहिलेलं नव्हतं. बारावीला आहे, अठरा पूर्ण नाहीत. ३०२ वाल्यांनी गावाला निघताना टपरीवर फोन केला होता, की दाराबाहेर कपड्यांची पिशवी ठेवली आहे, घेऊन जा. मुलगा तिसऱ्याऐवजी चौथ्या मजल्यावर उतरला. इकडेतिकडे बघत होता तो दाराचा नंबर शोधत होता. आमचा नंबर तोरणाआड झाकलेला आहे. ३०२ ची खरी पिशवी शेजारच्यांनी आत उचलून ठेवली, त्यामुळे कुणाला काही कळलंच नाही.

माझ्या साड्या इस्त्री होऊन सहा दिवस टपरीत खुंटीला टांगलेल्या होत्या, वर "३०२" अशी चिठ्ठी. मी रोज त्या टपरीसमोरून रिक्षा पकडते.

बुधवारी ३०२ वाले परतले आणि सगळं उघड झालं. त्या संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं, "गैरसमज झाला होता, साड्या मिळाल्या, सर्वांचे आभार." एवढंच. मुलाबद्दल एक अक्षर नाही. आधीचा तुकडा पुसायला गेले तर सर्वांसाठी पुसण्याची मुदत संपलेली.

त्यानंतर नऊ दिवसांनी नोटीस आली. दोन इमारतींनी वडिलांचं काम बंद केलं आहे आणि एका संकुलाच्या फाटकावर मुलाला तासभर बसवून ठेवून त्याचे फोटो काढले, हे मला त्या नोटिशीतून कळलं. तो तेव्हापासून कॉलेजला गेलेला नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लिहिलं आहे. पंधरा दिवसांत जाहीर लेखी माफी आणि ५०,००० रुपये. पंधरापैकी नऊ दिवस गेले.

मला विचारायचं आहे ते असं. चित्रण खरं होतं, मी काही बनवलेलं नाही, मग गुन्हा नेमका कशाचा? ॲडमिन काका घाबरून ग्रुपच बंद करायला निघालेत, त्यांच्यावर काही येतं का? आणि मला त्या माणसाच्या टपरीवर जाऊन माफी मागायची आहे. घरचे म्हणतात, माफी मागितलीस की गुन्हा कबूल केलास. खरं आहे का हे?

रानवाट

ताई, घाबरू नका. सोशल मीडियावरच्या लिखाणाचं कलम सुप्रीम कोर्टाने कधीच रद्द केलं आहे. नोटिशी पाठवणारे पाठवतात. उत्तर न देता बसा, आपोआप थंड होईल.

कोर्टनाका

मी कल्याणच्या कोर्टात वकिली करतो. इथे लिहितो ते तुमच्या हातातली नोटीस न वाचता, तेव्हा उद्याच एखाद्या वकिलाला ती प्रत्यक्ष दाखवा.

आधी रानवाट यांच्या म्हणण्याबद्दल, कारण ही समजूत फार पसरलेली आहे. रद्द झालं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ. २०१२ मध्ये शिवसेनाप्रमुखांच्या निधनानंतर पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं आणि दुसरीने तो मजकूर नुसता 'लाइक' केला होता. त्यावरून श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. पण बदनामीचा गुन्हा वेगळा. तो दंड संहितेत ४९९-५०० खाली होता, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या ३५६ खाली आहे, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवलेला आहे. दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. हे शेवटचं नव्या कायद्यात आलं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. चित्रणात दिसतं ते एवढंच, की मुलाने पिशवी उचलली. ते खरं आहे. पण चोरी व्हायला अप्रामाणिक हेतू लागतो, आणि तो कॅमेऱ्यात दिसत नाही. तो तुम्ही शब्दांनी भरलात. "ही पिशवी कुणी नेली, माहीत आहे का?" असं लिहिलं असतंत तर आज ही नोटीस बहुधा आली नसती.

तुम्ही म्हणाल, मी सद्भावनेने लिहिलं, लोक सावध व्हावेत म्हणून. कायद्यात त्याला जागा आहे. आपल्या किंवा इतरांच्या हिताच्या रक्षणासाठी सद्भावनेने केलेला आरोप अपवादात बसतो. मात्र कायद्याची सद्भावना म्हणजे नुसतं स्वच्छ मन नाही. योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेली गोष्ट कायदा सद्भावनेची मानत नाही. चार दारं वाजवली होतीत का, वॉचमनला विचारलं होतंत का, हे तुम्हाला उलटतपासणीत विचारलं जाईल.

आणखी एक अपवाद आहे, तो लोकांना माहीतच नसतो. ज्या माणसाला त्या विषयात कायदेशीर अधिकार आहे, त्याच्यापुढे सद्भावनेने केलेली तक्रार ही बदनामी नव्हे. म्हणजे तेच बावीस सेकंद तुम्ही पोलीस ठाण्यात नेऊन दिले असते आणि "मला याच्यावर संशय आहे" म्हटलं असतंत, तर संशय खोटा ठरूनही तुम्ही सुरक्षित होतात. माझ्याकडे येणाऱ्या अशा प्रकरणांत बहुतेकांनी पोलिसांत जायचं टाळलेलं असतं. कशाला कुणाला त्रास, म्हणतात. आणि मग दोनशे लोकांच्या ग्रुपवर टाकतात.

बदनामी अदखलपात्र आहे. तुमच्या दारात पोलीस येऊन उभे राहणार नाहीत. एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद होईल, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार. मुलगा अठराच्या आत असल्याने न्यायालयाच्या परवानगीने वडील ती करू शकतात. नव्या प्रक्रिया कायद्यानुसार दखल घेण्याआधी तुम्हाला म्हणणं मांडायची संधी मिळते. दिवाणी नुकसानभरपाईचा दावा याहून स्वतंत्र. त्याला एरवी एक वर्षाची मुदत असते, पण अठराच्या आतल्या मुलाच्या बाबतीत ती सज्ञान झाल्यापासून मोजतात. म्हणून थंड होईल या भरवशावर बसू नका.

पुढे पाठवणारे सुटतात असंही नाही. तामिळनाडूतले अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी २०१८ मध्ये महिला पत्रकारांबद्दलचा दुसऱ्याचा मजकूर फेसबुकवर पुढे पाठवला. नंतर काढून टाकला, माफी मागितली, न वाचता पाठवला असंही सांगितलं. तरी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाने खटला रद्द करायला नकार दिला.

ॲडमिन काकांना झोपू द्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं आहे, की दोघांचा समान इरादा किंवा आधी ठरलेला बेत नसेल तर सदस्याच्या मजकुरासाठी ॲडमिन जबाबदार नाही. माणसं घेणं आणि काढणं एवढंच त्याच्या हातात असतं, असा त्यामागचा विचार. २०२२ मध्ये ॲडमिनला इतरांचा संदेश सर्वांसाठी पुसायची सोय मिळाली. त्यामुळे "माझ्या हातात काय होतं?" हे उत्तर आता पूर्वीइतकं भक्कम राहील असं मला वाटत नाही. हे माझं मत, निकाल नव्हे.

माफीबद्दल. नोटिशीला उत्तर वकिलामार्फत, हक्क अबाधित ठेवून द्या. पण माफी मागू नका असं मी तुम्हाला सांगणार नाही. हा गुन्हा तडजोडीचा आहे. ज्याची बदनामी झाली तो मिटवू शकतो, मुलगा लहान असल्याने न्यायालयात प्रकरण गेलंच तर वडिलांना परवानगी घ्यावी लागेल. लवकर आणि स्पष्ट शब्दांत मागितलेली माफी भरपाई ठरवताना तुमच्या बाजूने मोजली जाते. तुमचं ते "गैरसमज झाला होता, साड्या मिळाल्या" मात्र माफी नाही. त्यात मुलगा कुठेच नाही. आणि नवीन मजकुरात त्याचा फोटो परत घालू नका.

पिंपळनेरकर

जुईताई, मी सल्ला द्यायला नाही आलो, तेवढं मला कळत नाही. एक सांगायचं आहे.

२०१८ साली मी साक्री तालुक्यात शिक्षक होतो. जूनभर आमच्या फोनवर एक मजकूर फिरत होता, मुलं पळवणारी टोळी आली आहे, अनोळखी माणसं दिसली तर सोडू नका. शिक्षकांच्या ग्रुपवर आला. मी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला, वर "खबरदारी म्हणून" असं लिहून. आमच्या वाड्यांवर आईबाप उसतोडीला गेले की मुलं एकटी असतात, मला खरंच काळजी होती.

१ जुलैला रविवार होता. आमच्याच तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं तिथे आली होती, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, म्हणून जमावाने धरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन पाचही जणांना ठार मारलं.

त्या महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. लोकांना ती मर्यादा आठवते, माणसं आठवत नाहीत.

माझा मजकूर राईनपाड्यात पोचला होता का, मला कधीच कळणार नाही. मला कुणी नोटीस पाठवली नाही. पाठवणारं कुणी उरलं नव्हतं. तुमच्यापुढे तो मुलगा आहे, त्याचे वडील आहेत, टपरी कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. जा.

जुनी वर्दी

पोलिसात तेहतीस वर्षं काढली, शेवटची काही वर्षं सायबरच्या कामात. कोर्टनाका साहेबांनी कायदा सांगितलाच आहे, मी फोनबद्दल बोलतो.

ताई, घाबरून चॅट उडवू नका. फोन रीसेट करू नका, विकूही नका. सगळीकडून काढायला लावणं वेगळं आणि स्वतःकडची प्रत नष्ट करणं वेगळं. दुसरं केलंत तर पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा अंगावर येतो, आणि तो बदनामीपेक्षा जड आहे. ग्रुपचं चॅट तारखांसकट निर्यात करून ठेवा. तुम्ही नंतर दुरुस्ती टाकलीत तीही तुमच्या बाजूचा पुरावा आहे.

स्क्रीनशॉटची छापील प्रत घेऊन लोक यायचे आणि झालं काम म्हणायचे. तसं होत नाही. जालन्याच्या निवडणूक प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की मूळ यंत्र हजर करत नसाल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. आता ते साक्ष्य अधिनियमाच्या ६३ खाली येतं, त्यात तज्ज्ञाचा भागही भरावा लागतो. नोटीस पाठवणाऱ्यालाही हे करावं लागेल.

सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या सोसायटीचा कॅमेरा किती दिवसांचं साठवतो? बहुतेक ठिकाणी पंधरा ते तीस दिवस, मग त्यावरच नवं चढतं. तुम्ही तुकडा "कापला" म्हणता. म्हणजे मागेपुढे काहीतरी होतं. ते आजच्या आज काढून घ्या. तुमच्या फायद्याचं असो नसो.

आणि कुणी १९३० वर फोन करा म्हणेल. ती मदतवाहिनी पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे, तिथले लोक यात काही करू शकत नाहीत.

मधुमालती

हे वाचून मी आमच्या ग्रुपवरचे दोन मजकूर आत्ताच काढले. आमचे खजिनदार दर महिन्याला थकबाकीदारांची यादी टाकतात आणि वर लिहितात "फुकटे". हे चालतं का? आणि असंच असेल तर माणसाने ग्रुपवर काही लिहायचंच नाही का?

कोर्टनाका

मधुमालती, थकबाकी खरी असेल आणि ती सभासदांपुरती सांगितली तर बचाव आहे. "फुकटे" या शब्दाला बचाव नाही. वसुलीसाठी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडून वसुलीचा दाखला घेण्याचा मार्ग आहे, खजिनदारांनी तो धरावा.

लिहायचंच नाही, असं अजिबात नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या महाविद्यालयातल्या एका प्राध्यापकाने कलम ३७० रद्द झाल्याचा दिवस काळा दिवस आहे, असं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं. हातकणंगले पोलिसांनी गुन्हा नोंदवला, उच्च न्यायालयाने रद्द करायला नकार दिला, आणि मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. सरकारच्या निर्णयावर टीका करायचा प्रत्येकाला हक्क आहे, असं स्पष्ट म्हटलं. मत मांडा, तक्रार मांडा, नळाला पाणी येत नाही म्हणून नगरसेवकाला जाब विचारा. एखाद्या माणसावर गुन्ह्याचा शिक्का मारताना मात्र थांबा. आमच्याकडे येणारी निम्मी भांडणं त्या एका शब्दावरून असतात.

जुईचा वेल

सगळ्यांना उत्तर द्यायला तीन दिवस लागले.

जुनी वर्दी काका, तुमचं वाचून त्याच रात्री सेक्रेटरींचं दार वाजवलं. आमचा कॅमेरा तीस दिवस ठेवतो, तो पंचविसावा दिवस होता. पूर्ण चित्रण मिळालं. मी कापलेल्या तुकड्याच्या आधी चौदा सेकंद आहेत. मुलगा लिफ्टमधून बाहेर येतो तेव्हा त्याच्या कानाला फोन आहे. तो आधी शेजारच्या ४०१ च्या पाटीवर बोट ठेवून काहीतरी वाचतो, मग आमच्या दाराकडे येतो, तोरणाखाली वाकून बघतो, मान हलवतो, फोन खिशात टाकतो. हे सगळं त्या दिवशीही माझ्यासमोर होतं. मी लांबलचक वाटलं म्हणून काढून टाकलं. शाळेत एखादं पुस्तक सापडलं नाही तर मुलाला विचारायच्या आधी मी रजिस्टर दोनदा बघते, चुकीच्या कपाटात गेलंय का ते बघते. सव्वीस वर्षं हेच करते आहे.

वकील केले. उत्तर गेलं. काल संध्याकाळी त्यांना सांगूनच टपरीवर गेले. माफीचा मजकूर लिहून नेला होता. वडिलांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवला. त्यांनी इस्त्री बाजूला ठेवून पूर्ण ऐकला. म्हणाले, हिंदीतपण लिहा मॅडम, वॉचमन लोक मराठी वाचत नाहीत, आणि मुलाला अडवलं वॉचमन लोकांनी. हे मला सुचलं नव्हतं.

मुलगा आत पाटावर बसून होता. माझ्याकडे बघत नव्हता. मी पूर्ण चित्रणाबद्दल सांगितलं, आणि वकिलांच्या सांगण्यावरून हेही, की तुझा चेहरा आता कुठेही दिसणार नाही याची काळजी घेईन. तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. "नाही, चेहरा दाखवा. पूर्ण दाखवा. सगळ्यांनी बघितलाच आहे ना, आता हेपण बघू दे." वडिलांनी त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली.

कोर्टनाका साहेब, तुम्ही फोटो घालू नका म्हटलं होतंत, म्हणून आज परत आमच्या वकिलांना विचारलं. बापलेकाचं म्हणणं ऐकून त्यांनी वडिलांची लेखी संमती घेतली, त्यांच्या वकिलांच्या समोर. पैशांचं बोलणं दोन्ही वकिलांमध्ये चालू आहे, त्याबद्दल मी घासाघीस करायची नाही असं सांगितलं आहे. काम बंद केलेल्या दोन इमारतींच्या सेक्रेटरींना भेटले. एकांनी सोमवारपासून काम परत सुरू केलं, दुसरे म्हणाले कमिटीत ठेवतो.

छत्तीस सेकंदांचं पूर्ण चित्रण आणि खाली माफी, मराठीत आणि हिंदीत, आज रात्री नऊ वाजता विंगच्या ग्रुपवर टाकते आहे. बाकीच्या तीन संकुलांतल्या माणसांची नावं मिळाली आहेत, त्यांना एकेकाला फोन करून पाठवायला सांगणार आहे. फेसबुकच्या त्या पानाला दोनदा लिहिलं, तक्रारही नोंदवली. तिथे तो जुना तुकडा अजून आहे.